टॉर्क पाना, अर्धा इंची: दोन वर्षं वापरल्यावर

कट्ट.

हा एवढासा आवाज ऐकायला मी चोवीसशे रुपये मोजले. ठरलेल्या जोराइतकं पिळून झालं की पान्याच्या मानेत कट्ट वाजतं, हाताला बारीक झटका बसतो आणि आपण थांबायचं. एवढंच त्याचं काम. दोन वर्षांत तो शेकडो वेळा वेळेवर वाजला आणि एकदा वाजला नाही. त्या एका वेळेचा खर्च पान्याच्या किमतीच्या वर गेला, म्हणून हे सविस्तर लिहितेय. ब्रँडचं नाव देत नाही. असाच दिसणारा, अशाच लाल खोक्यातला पाना निरनिराळ्या नावांनी विकायला असतो, आणि मी सांगणारे ते त्यातल्या बऱ्याच जणांना लागू पडावं.

आधी निकाल. चाकाच्या नटांना पाचपैकी पाच. स्पार्क प्लगला शून्य. बाकीच्या कामांना तीन-साडेतीन, हात कुणाचा आहे त्यावर.

आमची गाडी मारुती ओम्नी, २००८ ची, सासऱ्यांनी घेतलेली. सांगली-मिरजेच्या मधे आमची रोपवाटिका आहे. झेंडू-शेवंतीचे ट्रे, कुंड्या, आंब्याची कलमं, कधी गांडूळखताची पोती, सगळं ह्याच गाडीतून जातं. ओम्नी १९८४ पासून २०१९ पर्यंत निघाली, आणि इतक्या वर्षांत तिचा मूळ सांगाडा फारसा बदलला नाही. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. एप्रिलमध्ये ड्रायव्हरचं बूड भाजतं, पण त्याचाच फायदा असा की सीट उचलली, झाकण काढलं की इंजिन समोर. बॉनेटवर ओणवं व्हायला नको, खाली झोपायला नको. साडी न खोचता निम्मी कामं होतात, असं मी मैत्रिणींना सांगते. ते खरं नाही. खोचावीच लागते.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात ही गाडी दोन दिवस पाण्यात होती. इंजिन वाचलं, पण तेव्हापासून खालचा एकही नट सरळ निघत नाही. २०२३ साली १५ वर्षं भरली, पुनर्नोंदणी करून घेतली. सगळे म्हणाले मोडीत काढा. मी म्हटलं, कुंड्या वाहायला नवी गाडी घेऊन तिच्या सीटवर शेणखत सांडायचं का?

तर दुरुस्ती घरी. मोठं काम मिरजेच्या चाचा मेस्त्रींकडे, बारीकसारीक माझ्याकडे आणि चिरंजीवांकडे.

पाना घ्यायचं कारण इंजिन नव्हतं, चाक होतं. तासगाव रस्त्याला संध्याकाळी सातला मागचं चाक बसलं. गाडीत स्टेपनी होती, जॅक होता, टॉमी, म्हणजे चाकाचे नट सोडवायची दांडी, होती. चारपैकी एक नट सुटला, तीन हलेनात. आदल्या आठवड्यात पंक्चर काढणाऱ्या पोराने पान्यावर दोन्ही पाय देऊन, उड्या मारून नट आवळले होते. "घट केलंय बगा मावशी," असंही वर म्हणाला होता. मी साठ किलोची बाई, मीही टॉमीवर उभी राहिले. टॉमी वाकली. शेवटी एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने लोखंडी पाइप घालून नट सोडवले, आणि त्यात एका बोल्टाचे आटे गेले.

तेव्हा कळलं की ढिलं राहणं ही एकच चूक नव्हे. जुन्या गाडीला तर जास्त आवळण्याचीच भीती मोठी. नट किती घट्ट म्हणजे पुरे, हे गॅरेजातल्या माणसाच्या मनगटात बसलेलं असतं. माझ्या मनगटात ते नाही. माझं अंदाजपंचे दाहोदरसे. मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांची दुकानं आहेत. तिथे खुंटी पिळताना माणूस हाताकडे बघत नाही, ऐकतो. मलाही ऐकायला काहीतरी हवं होतं.

खोक्यात काय आलं

पाना लांबीला हातभर, वजन दीड किलोच्या आसपास. पुढचं चौकोनी टोक अर्ध्या इंचाचं, म्हणजे आपल्या नेहमीच्या मोठ्या गोट्या (नटावर बसतात ती सॉकेटं) त्यावर बसतात. मूठ फिरवली की आकडा वरखाली होतो, आणि बुडाशी एक चकती आहे ती आवळली की आकडा जागेवर राहतो. क्षमता २८ ते २१० न्यूटन-मीटर, म्हणजे पिळण्याच्या जोराचं माप. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सोबत एक एक्स्टेन्शन आणि एक छापील चिठ्ठी, तिच्यात यंत्राने भाषांतर केल्यासारखं इंग्रजी.

मुठीची जाळी चांगली आहे, ग्रीस लागलेल्या हातातून निसटत नाही. आकडे मात्र कोरलेत त्यात रंग नाही. संध्याकाळी शेडमध्ये वाचता येईनात. मी मुलीचं पांढरं नेलपॉलिश आकड्यांवर फासलं आणि वरचं कापडाने पुसून घेतलं, खाचांत राहिलं तेवढं राहिलं. आता झक्क दिसतात.

दोन बाजूंना दोन पट्ट्या आहेत, एकीकडे न्यूटन-मीटर, दुसरीकडे फूट-पौंड. इथे पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. चिरंजीवांनी ६० न्यूटन-मीटर लावायचे ते फूट-पौंडाच्या बाजूने लावले. फूट-पौंडातले ६० म्हणजे ८१ न्यूटन-मीटर. मला नट जड लागले म्हणून बघितलं, नाहीतर तसेच राहिले असते. जुन्या पुस्तकांत तिसरं माप असतं, किलो-मीटर. रस्त्यावरचं नव्हे, एक किलो वजन एक मीटर लांब दांडीला टांगल्यावर जेवढी पिळ बसते तेवढं. त्यातला १ म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. आता मी नको असलेल्या पट्टीवर चिकटपट्टी लावून टाकलीय. गाडीच्या पुस्तकातला आकडा आणि पान्यावरचा आकडा एकाच भाषेतला आहे का, हे आधी बघायचं, मूठ नंतर फिरवायची.

चाकं

हे त्याचं खरं क्षेत्र. जॅकवर चाक चढवून नट हाताने बसवायचे, निमुळती बाजू आत. मग गाडी खाली घ्यायची. चाक जमिनीला टेकल्यावर शेवटचं आवळायचं, हवेत नाही. आणि ओळीने नाही, समोरासमोर. चार नट आहेत, एक, समोरचा, मग उरलेले दोन. पाना हळू ओढायचा. चिरंजीव झटका मारतात. झटक्यात कट्ट ऐकून थांबेपर्यंत हात पुढे गेलेला असतो. आणि कट्ट वाजलं की झालं, "आणखी एकदा बघू" म्हणून परत परत वाजवायचं नाही, दर वेळी नट केसभर पुढे सरकतो. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर एकदा पुन्हा पाना लावून बघायचा.

किती न्यूटन-मीटर, ते तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा, माझा आकडा उचलू नका. ओम्नीचं पुस्तक नसेल तर चांगल्या मेस्त्रीकडे झेरॉक्स असते.

आता पंक्चर काढून आणलं की घरी येऊन चारही नट सैल करते, पुन्हा आवळते. पंक्चरवाल्याला वाईट वाटू नये म्हणून त्याच्यासमोर करत नाही. दोन वर्षांत रस्त्यावर दोनदा चाक बदललं, दोन्ही वेळा एकटीने, साध्या टॉमीने. एवढ्यासाठी चोवीसशे रुपये मला जड वाटत नाहीत.

एक गोष्ट पान्याची नाही पण सांगून टाकते. ओम्नीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची बाजू जॅकवर उचलली की हँडब्रेक असून नसल्यासारखा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. आमच्या नर्सरीच्या मातीत जॅक रुततो, म्हणून खाली सागाच्या फळीचा तुकडा. आणि खाली हात घालायचा असेल तर लोखंडी घोडी लावल्याशिवाय नाही.

तिसरा प्लग

आता मुख्य तक्रार, म्हणजे निम्मी पान्याची आणि निम्मी माझी.

गाडी सकाळी एका सिलिंडरवर मरत होती, चढाला थरथरत होती. प्लग बदलायचे ठरवले. तीन प्लग, २१ नंबरची गोटी. सीट उचलली, झाकण काढलं. इंजिन रात्रभर गार झालेलं होतं, तेवढं माहीत होतं मला. हेड, म्हणजे प्लग बसतात तो इंजिनाचा वरचा भाग, ऍल्युमिनियमचं, गरम असताना प्लग काढला तर आटे सोबत घेऊन येतो. आधी प्लगच्या खड्ड्यातली माती फुंकून काढली. नर्सरीची गाडी, तिथे अक्षरशः कोकोपीट निघालं. ते आत पडलं असतं तर आणखी एक लेख लिहावा लागला असता.

प्लग बसवायची युक्ती मला चाचांनी शिकवली होती, ती आजही सोन्याची वाटते. पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा घ्यायचा, प्लगच्या वरच्या टोकावर दाबून बसवायचा आणि नळीनेच प्लग भोकात फिरवायचा. आटे सरळ लागले तर तो सरसर आत जातो. तिरके लागले तर रबर प्लगवर नुसतं फिरतं, प्लग जागचा हलत नाही. पान्याने तोच प्लग तिरका असूनही आत गेला असता, कारण पान्याला जोर असतो. तिन्ही प्लग नळीने शेवटपर्यंत बसले. इथवर मी विद्यार्थिनी म्हणून पहिली आले असते.

मग टॉर्क पाना काढला. १४ मिलिमीटरचा, वायसर (आवळल्यावर चेपणारी कडी) असलेला प्लग, ऍल्युमिनियमच्या हेडमध्ये: २५ ते ३० न्यूटन-मीटर. माझा पाना २८ पासून सुरू. म्हटलं, वा, बसतंय की! २८ लावला. त्याच्या आधी आणखी एक शहाणपणा केला होता. पुरानंतर सगळे बोल्ट गंजून बसले होते, म्हणून मी तांब्याची पेस्ट आणून ठेवलेली, जिथे तिथे लावायची. प्लग पुढच्या वेळी सहज निघावेत म्हणून त्यांच्या आट्यांनाही फासली.

पहिला प्लग. कट्ट. दुसरा. कट्ट. पण उशिरा वाजल्यासारखं वाटलं.

तिसरा मागच्या बाजूचा, सीटच्या चौकटीत कोपर अडकतं. एक्स्टेन्शन लावून ओढायला लागले. वायसर दाबलं गेल्याचं हाताला कळलं. कट्ट नाही. आणखी थोडं. कट्ट नाही. मी पुस्तकावर आणि पान्यावर विश्वास टाकलेला, हातावर नाही. हात सांगत होता की पुरे. मी म्हटलं, तू गप्प बस, तुझ्या अंदाजाने काय होतं ते तासगाव रस्त्याला बघितलंय. आणखी ओढलं, आणि एकदम सगळं मऊ झालं. श्रीखंडात चमचा फिरावा तसा पाना फिरला. प्लग फिरतोय, आवळत नाही.

तो मऊपणा ज्याने अनुभवलाय त्याला पुढचं सांगायला नको. पोटात खड्डा पडतो. मी सीटवर हात टेकून पाच मिनिटं नुसती उभी होते. बाहेर झेंडूचे चाळीस ट्रे जयसिंगपूरला जायचे म्हणून रांगेत लावलेले.

ट्रे शेजाऱ्याच्या टेम्पोतून गेले. चाचा दुपारी आले, प्लग काढला. त्याच्या आट्यांत ऍल्युमिनियमची चमकदार सुरळी गुंडाळलेली, पेन्सिलला टोक काढल्यावर निघते तशी.

"किती फिरवलं, ताई?"

"कट्ट वाजेपर्यंत."

"आन् वाजलंच नाही तर?"

ह्याला मी काय उत्तर देणार? त्यांनी पाना हातात घेऊन उलटसुलट केला. "ह्यो चाकाचा पाना हाय ओ. ह्याला काय कळतंय पिलगाचं. मिठाच्या पोत्याच्या काट्यावर सोनं मोजाय बसलाय तुमी."

हेड न उतरवता काम झालं, हे नशीब. भोक थोडं मोठं करून नवे आटे पाडले आणि त्यात तारेची स्प्रिंगसारखी सुरळी बसवली, हेलिकॉइल म्हणतात ती. आटे पाडणाऱ्या हत्याराच्या खाचा ग्रीसने भरून घेतल्या, म्हणजे कीस ग्रीसला चिकटून वर येतो, सिलिंडरमध्ये पडत नाही. दर दोन फेऱ्यांनी हत्यार बाहेर, पुसून, पुन्हा ग्रीस. शेवटी आत हवा मारून उरलंसुरलं उडवलं. दोन तास लागले. साहित्य आणि मजुरी धरून अठ्ठावीसशे. नवा प्लग कोरडा, पेस्ट न लावता, हाताने बसवला. मग चाचांनी साध्या प्लग-पान्याने अर्ध्या फेरीहून जरा जास्त फिरवला आणि हात काढून घेतला.

"झालं?"

"झालं. खोक्यावर चित्र हाय की."

खोक्यावर चित्र होतं. नवा, वायसरवाला प्लग: हाताने टेकेपर्यंत, मग अर्धी ते दोन-तृतीयांश फेरी. काढून परत तोच बसवत असाल तर वायसर आधीच चेपलेलं असतं, म्हणून टेकल्यावर जेमतेम फेरीचा बारावा हिस्सा, घड्याळातल्या एका तासाएवढा. फुकट मिळणारी माहिती, आणि ते खोकं मी उघडतानाच फाडून टाकलेलं.

बादलीची परीक्षा

पान्यावर राग निघाला, पण आधी त्याचा गुन्हा शाबीत करायचा होता. रविवारी शेडमधल्या शिकंज्यात त्याचं चौकोनी टोक पकडलं, पाना आडवा केला. टोकापासून मुठीच्या मध्यापर्यंत बरोबर ४० सेंटिमीटर. तिथे सुतळीने रंगाची रिकामी २० लिटरची बादली टांगली आणि मगाने पाणी ओतत गेले. हिशेब शाळेतला: वजन किलोत, गुणिले ९.८, गुणिले ०.४ मीटर. पान्याचं स्वतःचं वजनही खाली ओढतं, त्याचे साधारण पावणेतीन न्यूटन-मीटर धरले. खताच्या काट्यावर दर वेळी बादली मोजली.

पाना ७० ला लावला. हिशेबाने १७.२ किलोला वाजायला हवा. १७.८ ला वाजला. म्हणजे साडेतीन टक्क्यांची चूक, ह्या जातीच्या चांगल्या पान्यालाही चार टक्के माफ असतात. तीनदा केलं, तीनदा तेवढ्यातच. शाबास.

मग २८ ला लावला. साडेसहा किलोच्या आत वाजायला हवा. साडेसहा झाले, सात झाले, आठ झाले. चिरंजीव मग धरून हसायला लागले. साडेनऊला वाजला. म्हणजे मी २८ समजत होते तेव्हा तो ४० मागत होता. दुसऱ्यांदा केलं तर नऊला. तिसऱ्यांदा जवळजवळ दहा.

नंतर समजलं की ह्यात नवल नाही. अशा पान्याची अचूकता मोजतात तीच कमाल क्षमतेच्या २० टक्क्यांपासून वर. २१० चे २० टक्के म्हणजे ४२. त्याच्या खाली पट्टीवर आकडे कोरलेत, पण त्यांची हमी कुणी देत नाही. किराणा दुकानाच्या पोत्यांच्या काट्यावर वेलदोडे ठेवल्यासारखं. चाचांनी हे बादली न टांगता सांगितलं होतं.

विकणाऱ्याने निदान चिठ्ठीत हे लिहायला हवं होतं. मी त्यांना कळवलं. उत्तर आलं: "आपल्या खरेदीबद्दल धन्यवाद."

आणि पेस्ट? तो गुन्हा सर्वस्वी माझा. बोल्ट पिळताना आपण जो जोर लावतो त्याचा ढोबळमानाने दहावा हिस्साच बोल्ट ताणायला जातो. बाकीचा सगळा आटे आणि नटाचं बूड ह्यांच्या घर्षणात खपतो. पुस्तकातला आकडा सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो. पेस्ट किंवा तेल लावलं की घर्षण घटतं आणि तोच आकडा बोल्टाला कितीतरी जास्त ताणतो. प्लग बनवणारी एनजीके कंपनी तर आपल्या प्लगना असलं काही लावू नका असंच सांगते. म्हणजे माझा पाना जास्त मागत होता आणि वर मी रस्त्यावर तेल ओतून ठेवलं होतं. आधीची कुणाची तरी पापं त्या तिसऱ्या आट्यांत असणारच, पण शेवटची काडी माझी.

पेस्ट फेकली नाही. सायलेन्सरच्या बोल्टांना उत्तम आहे.

बाकी कामं

चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तळाचा ऑइल काढायचा बोल्ट मी ह्या पान्याने आवळत नाही. चेंबरचे आटे गेले तर गळती जन्माची. तिथे दर वेळी नवं वायसर घालायचं, पाच-दहा रुपयांचं असतं, आणि बेताने आवळायचं. जुनं चेपलेलं वायसर ठेवून गळती थांबवायला जास्त आवळत जाणं, ही चूक मी एकदा केलीय आणि चाचांनी माझ्या आधीच्या मालकांनीही केली होती असं सांगून मला दिलासा दिला. आधीचे मालक म्हणजे सासरेच.

हेडचे बोल्ट मी स्वतः आवळत नाही. पण हेडखालचं पॅकिंग बदललं तेव्हा चाचांनी माझा पाना मागून घेतला, ह्याचा मला अभिमान वाटला. मधून सुरुवात, मग दोन्ही बाजूंना बाहेर, आणि एकदम पूर्ण नाही, टप्प्याटप्प्याने. आकडे पान्याच्या मधल्या भागातले, तिथे तो खरा बोलतो.

ज्यासाठी वापरूच नये ते म्हणजे सोडवणं. गंजलेला नट दिसला की लांब दांडीचा हाच पाना हाताशी येतो, मोह होतो. नाही. त्याच्या आतल्या स्प्रिंगची मोडतोड तिथेच होते. गंजलेल्या नटाला आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारायचं, सकाळी पुन्हा मारायचं, आणि रिंग पाना किंवा सहा कोनांची गोटी बसवून साध्या लांब दांडीने सोडवायचं. बारा कोनांच्या गोटीने पुरातल्या नटाचे कोपरे मी गोल केलेत, ते पुढे छिन्नीने काढावे लागले.

काम झालं की आकडा सगळ्यात खालच्या रेघेवर आणून ठेवायचा, त्याच्याही खाली नाही. स्प्रिंग दाबून ठेवली तर हळूहळू खोटं बोलायला लागते. दर वर्षी बादलीची परीक्षा घेते, गुढीपाडव्याच्या सुमारास.

घ्यावा का?

जुनी व्हॅन असेल, चाकं स्वतः काढत असाल, तर घ्या. पण आधी कुठल्या नटाला किती लागतं त्याची यादी करा आणि मग पान्याची क्षमता बघा, उलट नको. तुम्हाला लागणारा आकडा पान्याच्या मधल्या भागात पडला पाहिजे. मी नंतर लहान घेतला, पाऊण हात लांब, ५ ते ६० न्यूटन-मीटरचा, अठराशेला. त्याचीही बादली केली. २५ ला लावलेला २५.८ ला वाजला. प्लग, चेंबर, बारीक बोल्ट आता त्याच्याकडे. दोन्ही मिळून बेचाळीसशे, वर चाचांचे अठ्ठावीसशे. सुरुवातीलाच दोन घेतले असते तर ते वाचले असते. आणि एकच परवडत असेल तर मोठा घ्या, प्लग खोक्यावरचं चित्र बघून हाताने बसवा.

तिसरा प्लग चौदा महिने झाले, ठीक आहे. मधे एकदा काढून बघितला, रंग तपकिरी, सुरळी जागेवर.

गल्लीत बातमी पसरल्यापासून पाना उसना मागायला येतात. चाकापुरता देते. परत आला की आधी मूठ बघते. परवा शेजारच्या भाऊजींकडून आला तो ११० वर लावलेला, आणि वर त्यांनीच विचारलं, "वहिनी, तुमचा पाना जरा सैल वाजतोय का हो?"